दोन्ही बाजूंचा सेनापती

1964 चा डिसेंबर. अमेरिकेतल्या ओहायोमधलं एक छोटं गाव, शनिवारची रात्र. जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलून झाली आहेत आणि तुम्ही तिथे वाळवंट पसरताय. डावीकडे लिबिया, उजवीकडे इजिप्त, वरच्या कडेला भूमध्य समुद्र. बाल्टिमोरच्या ॲव्हलॉन हिल कंपनीने याच वर्षी काढलेल्या ‘आफ्रिका कोर’चा हा पट. त्यावर सगळीकडे षटकोनी घरं छापलेली आहेत. चौकोनी घरांत तिरपं चालणाऱ्याला जास्तीचं अंतर फुकट मिळतं. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात. घरांवर पुठ्ठ्याच्या इवल्याशा सोंगट्या, आणि प्रत्येकीवर आकडे: किती ताकद, किती चाल.

समोरची खुर्ची रिकामी आहे. गावात हा खेळ ठाऊक असलेलं दुसरं माणूस नाही. कंपनीच्या ‘द जनरल’ या नियतकालिकात प्रतिस्पर्धी शोधणाऱ्यांच्या छोट्या जाहिराती येतात. काहीजण टपालाने खेळतात, आणि फाशाऐवजी वर्तमानपत्रातल्या शेअर बाजाराच्या आकड्यांतला शेवटचा अंक धरतात, म्हणजे फसवायला जागा उरत नाही. पण पत्राचं उत्तर यायला दिवस लागतात आणि तुम्हाला आज रात्रीच खेळायचंय. म्हणून तुम्ही आधी जर्मन सेनापती रोमेल होता.

लिबियातल्या टोब्रुक बंदरावर हल्ला करायचाय. तुमच्याकडे सात, समोर दोन. भागाकार साडेतीन येतो, पण अपूर्णांक नेहमी बचाव करणाऱ्याच्या पदरात पडतो. म्हणून तीनास एक. लढाईच्या निकालांच्या तक्त्यातला तो रकाना शोधा. थांबा, शेजारच्या घरात शत्रूची आणखी एक तुकडी आहे, आणि लगतच्या प्रत्येक शत्रूशी कुणीतरी भिडलंच पाहिजे असा नियम आहे. मग तुमची सगळ्यांत दुबळी सोंगटी उचला आणि तिला तिकडे लावा. ती बहुधा मरेल. मुख्य हल्ला तीनास एक राहावा म्हणून तिने मरायचंय, आणि हे तुम्ही स्वतःच्या बोटांनी ठरवलंय.

इथे क्षणभर थांबा. 20 जून 1942 ला रोमेलने टोब्रुक खरोखर फोडलं ते आग्नेयेकडून, आणि तिथे खंदकांत होती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण. पटावर ती शोधू नका. इथल्या सोंगट्या बहुतेक ब्रिगेड नाहीतर रेजिमेंटच्या. देशावरची आणि कोकणातली ती पोरं त्यातल्या कुठल्या तरी आकड्यात विरघळून गेली आहेत. एवढं मनात असू द्या आणि फासा टाका.

आता उठा, टेबलाला वळसा घालून त्या रिकाम्या खुर्चीत बसा. तुम्ही इंग्रज सेनापती आहात. रोमेलच्या मनात काय आहे ते तुम्हाला तंतोतंत ठाऊक आहे, आणि ते विसरायचंय. ते पूर्ण विसरता येत नाहीच. पण दुसऱ्याच्या जागेवरून नकाशा वाचायचा, त्याची भीती त्याच्याइतकीच खरी मानायची, ही सवय तुम्हाला याच टेबलावर लागते. आपली बाजू जिंकावी म्हणून फासा पुन्हा टाकायचा मोहही होत नाही, कारण आपली बाजू अशी उरलेलीच नसते.

1981. तुम्ही टीव्हीसमोर बसला आहात, त्याला अटारीचा संगणक जोडलाय, हातात जॉयस्टिक. ख्रिस क्रॉफर्डचा ‘ईस्टर्न फ्रंट 1941’ सुरू होतो. आदल्याच वर्षी जोएल बिलिंग्जच्या एसएसआय कंपनीने ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’ काढून या वाटेवर पाऊल टाकलंय. आता रशियाचा नकाशा पडद्यात मावत नाही. जॉयस्टिक ढकलली की तो सरकत जातो, मिन्स्कच्या पुढे आणखी रशिया, त्याच्याही पुढे रशिया. आठवडे उलटतात, चिखल होतो, बर्फ पडतं आणि जमिनीचा रंग बदलतो. तुम्ही विचार करत असता तेव्हा यंत्रही बेत आखत असतं. जितका वेळ घ्याल तितकं ते शहाणं होतं. पहिल्यांदाच समोर असं कुणीतरी आहे ज्याच्या मनातलं तुम्हाला माहीत नाही. या आनंदाला मी अजिबात कमी लेखणार नाही. एकट्या खेळाडूने वर्षानुवर्षं याचीच वाट पाहिली होती.

पण हात रिकामे झाले. भागाकार यंत्र करतं, तक्ता यंत्राच्या पोटात आहे. तुकडी का हरली, ते पडदा सांगत नाही. नियम पटला नाही तर पेन्सिलने खोडून आपला लिहायची सोय गेली. क्रॉफर्डने नंतर आपल्या खेळाची मूळ आज्ञावली विक्रीला ठेवली हा त्याचा मोठेपणा. बहुतेकांनी कपाट बंदच ठेवलं.

कागदाने मात्र हार मानली नाही. 1983 मध्ये या, आणि इथे जरा रेंगाळा. ॲव्हलॉन हिलचा ‘बी-17, क्वीन ऑफ द स्काइज’ टेबलावर आहे. एकच विमान, दहा माणसं, पंचवीस मोहिमा. कागदावर दहा नावं लिहा. सगळे आपल्या मित्रांची लिहितात. पुढचं जवळजवळ सगळं फासे ठरवतात: लढाऊ विमानं कुठून आली, कुठल्या तोफेजवळ गोळी लागली, कुणाचे हात गारठले. निर्णय थोडेच आहेत, तरी शेपटीकडच्या तोफेवर बसवलेल्या मित्राच्या नावापुढे खूण करताना पेन्सिल अडखळते. त्याच वर्षीचा ‘ॲम्बुश’ उघडा. दोस्त फौजा नॉर्मंडीत उतरल्यानंतरचा फ्रान्स, तुमची अमेरिकन तुकडी. सैनिक नव्या घरात गेला की पुठ्ठ्याच्या पाकिटातल्या खिडकीतून एक आकडा पाहायचा आणि त्या क्रमांकाचा परिच्छेद काढून वाचायचा. झाडीत कुणी आहे की नाही, ते तिथे लिहिलंय. कागदही रहस्य ठेवायला शिकला. त्याची एक मर्यादा होती: मोहीम एकदा खेळली की रहस्य संपलं.

पुढची वर्षं भराभर ओलांडा. 1994 ला एसएसआयचा ‘पॅन्झर जनरल’ येतो. त्यातही षटकोनच, पण सोंगटी कापायची नाही, रचायची नाही, आणि डाव एका संध्याकाळीत होतो. 1998 मध्ये ॲव्हलॉन हिल हासब्रोला विकली जाते. पट माळ्यावर जातात.

आणि आता 2009. जॉन बटरफिल्ड, ‘ॲम्बुश’च्या दोन रचनाकारांपैकी एक, ‘डी-डे ॲट ओमाहा बीच’ घेऊन येतो, पुन्हा पुठ्ठा आणि कागद, पुन्हा एकट्यासाठी. तुम्ही नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरताय. पत्ता उलटा. त्यावरचा रंग सांगतो कुठल्या जर्मन मोर्च्यांनी गोळ्या झाडायच्या, आणि चिन्ह सांगतं तुमच्यातलं कुणाला लागणार. शत्रूची रीत पूर्ण उघडी आहे, तरी पुढचा पत्ता तुम्हाला ठाऊक नाही. अटारीने जे दिलं आणि जे काढून घेतलं, ते दोन्ही इथे एकाच टेबलावर आहे. तुमच्या कंपन्या वाळूवर अडकल्यात, भरती चढतेय, मागून दुसरी लाट येतेय. डाव्या बाजूला अजून एक तुकडी शाबूत आहे. तिला कड्याकडे न्यायचं की थांबवायचं, ते आधी ठरवा आणि मगच पत्त्याला हात लावा.