डोंगरतळ्यावरचा उजेड : प्रस्तावना

तोरणमाळला गेलेला माणूस यशवंत तलावाचा फोटो काढल्याशिवाय परतत नाही. घरी येऊन पाहावे तर तक्रार ठरलेली असते: आकाश जपले तर काठची झाडी काळीकुट्ट होते, झाडी उजळली तर आकाश पांढरेफटक पडते. डोळ्यांना दोन्ही एकाच वेळी दिसते, कॅमेऱ्याला ते झेपत नाही. ही तफावत समजून घेणे आणि ती हाताळणे हा आपला विषय.

या कामाचे मुख्य साधन म्हणजे ग्रॅज्युएटेड फिल्टर. काचेची किंवा रेझिनची आयताकृती पट्टी, वरचा भाग करडा, खालचा स्वच्छ. करडा भाग रंग न बदलता उजेड अडवतो. ०.३ घनतेचा फिल्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड अडवतो, ०.९ चा तीन स्टॉप अडवतो आणि एक अष्टमांश उजेडच आत सोडतो. हतनूर धरणाच्या विस्तीर्ण पाण्यावर क्षितिज सरळ असते, तिथे करडा भाग एकदम संपणारा हार्ड फिल्टर चालतो. तोरणमाळची गोष्ट वेगळी. सातपुड्यातले हे पठार सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. तलावाभोवती टेकड्यांची वरखाली होणारी कड आहे. हार्ड फिल्टरची रेघ तिथे टेकडीच्या माथ्यावरून आडवी जाते आणि वरची झाडे विनाकारण काळवंडतात. म्हणून डोंगरात हळूहळू विरत जाणारा सॉफ्ट फिल्टर बरा.

अडचण मात्र कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या, कलोडियनचा लेप दिलेल्या निगेटिव्हच्या काचा निळ्या उजेडाला फार संवेदनशील असत, त्यामुळे आकाश कोरे उमटे. फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाश वेगवेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एकाच प्रिंटमध्ये जोडले. पुढे स्लाइड फिल्मच्या काळात अमेरिकन गिर्यारोहक-छायाचित्रकार गॅलन रोवेल याने सिंग-रे कंपनीबरोबर असे फिल्टर घडवले आणि डोंगरातल्या छायाचित्रणात ते रुळवले.

या विषयाचे मर्म पाण्यात आहे. पाणी पडलेला सगळा उजेड परत देत नाही, काही आत घेते. म्हणून प्रतिबिंबातले आकाश खऱ्या आकाशाहून नेहमी गडद असते, आणि पायाजवळ, जिथे आपण पाण्याकडे सरळ खाली पाहतो तिथे, अधिकच गडद. समजा, एकाच ॲपर्चरवर आणि आयएसओवर दृश्याचा छोटा भागच मोजणाऱ्या स्पॉट मीटरने आकाशाला १/५०० सेकंद दाखवले, प्रतिबिंबाला १/१२५ आणि सावलीतल्या झाडीला १/३०. आकाश आणि झाडीत चार स्टॉपचे अंतर पाहून तीन स्टॉपचा फिल्टर लावण्याचा मोह होतो. लावला की आकाश १/६० वर उतरते, म्हणजे आपल्याच प्रतिबिंबाहून एक स्टॉप गडद. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो. एक स्टॉपचा फिल्टर लावला तर आकाश १/२५० वर येते, पाण्याहून उजळच राहते, आणि झाडीशी उरलेले तीन स्टॉपचे अंतर आजचा सेन्सर सहज पेलतो. उजेडाचा समतोल साधायचा म्हणजे सगळे सारखे करायचे नाही. निसर्गाने लावलेला क्रम टिकवून अंतर तेवढे कमी करायचे.

आता दोन-तीन एक्स्पोजर घेऊन संगणकावर जोडता येतात, मग फिल्टर हवाच कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि जोडणीची पद्धतही अभ्यासण्याजोगी आहे. पण वाऱ्याने लहरी उठल्या की दोन फोटोंतले पाणी जुळत नाही. शिवाय क्रमाचा नियम संगणकावरही सुटत नाही; तिथे आकाश किती गडद करायचे हे सांगणारा माणूसच असतो.

म्हणून नवख्या वाचकाला एकच विनंती: फिल्टर घेण्याची घाई करू नका. आधी कॅमेरा घेऊन जवळच्या पाण्यावर जा. जळगावकरांना मेहरूण आहे, धुळेकरांना नकाणे. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजेला आकाश, पाणी आणि काठ यांचे मीटर वाचा आणि वहीत लिहून ठेवा. ती वही भरत गेली की कोणता फिल्टर आपल्याला लागतो, हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.