बेलिव्हो, झाँ
(३१ ऑगस्ट १९३१ – २ डिसेंबर २०१४). राष्ट्रीय हॉकी लीगमधील (पहा : आइस हॉकी) संपूर्ण कारकीर्द माँट्रिऑल कॅनेडियन्स या एकाच संघाकडून खेळलेला कॅनेडियन मध्य आघाडीपटू. जन्म क्वेबेक प्रांतातील त्र्वा-रिव्हिएर येथे. त्याच्या व्यावसायिक खेळाचे हक्क कॅनेडियन्सकडे होते; पण तो खेळत असलेला क्वेबेक एसेस हा संघ सोडण्यास तो तयार नव्हता. म्हणून कॅनेडियन्सने एसेसच्या लीगचेच हक्क विकत घेऊन ती व्यावसायिक केली. त्यानंतर १९५३ मध्ये त्याने कॅनेडियन्सशी करार केला. उंची, लांब ढांगांचे स्केटिंग आणि अचूक पास ही त्याच्या खेळाची वैशिष्ट्ये. ५ नोव्हेंबर १९५५ रोजी बॉस्टन ब्रुइन्सविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांचे दोन खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना त्याने ४४ सेकंदांत ३ गोल केले. पुढील वर्षी नियम बदलला व किरकोळ शिक्षेतील खेळाडूस गोल होताच परतण्याची मुभा मिळाली. कॅनेडियन्सची आक्रमक ताकद या बदलामागे होती. १९६१ ते १९७१ तो कर्णधार होता. नियमित हंगामांत ५०७ गोल. खेळाडू म्हणून १० स्टॅन्ली चषक (पहा : स्टॅन्ली चषक). कॉन स्माइथ पारितोषिकाचा (१९६५) तो पहिला मानकरी. निवृत्तीनंतरही क्लबच्या प्रशासनात राहून त्याने आणखी ७ विजेतेपदे पाहिली. १९९४ मध्ये कॅनडाच्या गव्हर्नर जनरलपदाचा प्रस्ताव त्याने कौटुंबिक कारणास्तव नाकारला.