मर्दानी खेळ : मावळातील प्रहार व बचाव

पारंपरिक शस्त्रे किंवा त्यांच्या बोथट प्रतिकृती घेऊन प्रहार आणि बचाव यांचा अभ्यास करण्याचे महाराष्ट्रातील क्रीडाप्रकार ‘मर्दानी खेळ’ या नावाने ओळखले जातात. लाठी, फरी-गदगा, दांडपट्टा, बोथाटी, जंबिया, बनेठी इत्यादींचा त्यांत समावेश होतो. आज ते खेळ म्हणून गणले जात असले, तरी त्यांचा उगम युद्धाच्या गरजेतून झाला आहे. ही गरज कशी निर्माण झाली व पुढे ती कशी लोपली, हे मावळ प्रदेशाच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

प्रदेश : सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील नद्यांच्या खोऱ्यांना ‘मावळ’ म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या सध्याच्या मावळ तालुक्यात आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ही खोरी येतात. लोणावळे-खंडाळ्याजवळील बोरघाट हा कोकणातून देशावर येण्याचा जुना मार्ग. त्याच्या आसपास लोहगड, विसापूर, राजमाची, तुंग व तिकोना हे किल्ले आहेत. अरुंद पायवाटा, करवीची दाट राने व पावसाळ्यातील निसरडी जमीन यांमुळे येथे घोडदळाची मोठी फळी उभारणे अवघड होते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी लोणावळ्यापलीकडे घाट उतरून कोकणात जाणाऱ्या कारतलबखानाच्या मोगल सैन्यास शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कोंडून शरण आणले. अशा जागी पायदळातील प्रत्येक माणसाचे पदलालित्य, श्वास व हातातील शस्त्र यांना विशेष महत्त्व येते.

पवित्रा : सर्व मर्दानी खेळांचा पाया पवित्रा हा होय. उभे राहण्याची ठेवण आणि पावले टाकण्याची रीत या दोहोंना हा शब्द लावतात. गुडघे किंचित वाकलेले, शरीराचा भार चवड्यांवर व दृष्टी प्रतिस्पर्ध्यावर ठेवतात. पाय एकमेकांत न अडकवता पुढे, मागे व तिरपे सरकण्याचा सराव शस्त्र हाती देण्यापूर्वी करून घेतात. थेट मागे हटणाऱ्यावर दुसरा वार लगेच येतो; तिरपे पाऊल टाकणारा वाराच्या रेषेबाहेर पडतो आणि त्याच पावलाने प्रतिस्पर्ध्याच्या उघड्या बाजूस पोहोचतो. बचावातून प्रहार निर्माण होतो, तो असा.

प्रहार : प्रहाराची रीत शस्त्राच्या घडणीवर अवलंबून असते. फरी-गदग्यात चामड्याने मढविलेली काठी (गदगा) तलवारीऐवजी व लहान चामडी ढाल (फरी) ढालीऐवजी वापरतात. डोके, गाल, खांदा, कंबर व पाय ही प्रहाराची मुख्य स्थाने होत. लाठी दोन्ही हातांनी पेलतात. तिची दोन्ही टोके उपयोगी पडत असल्याने एका टोकाचा वार अडविला गेला, तरी दुसरे टोक मोकळे राहते. कट्यारीची मूठ आडवी असल्यामुळे तिचा आघात खांद्यातून सरळ पुढे जातो. मुष्टिप्रहाराशी त्याचे जवळचे साम्य आहे.

दांडपट्ट्याची रीत याहून वेगळी आहे. त्याचे पाते लांब, सरळ, दुधारी व लवचिक असते, तर हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात बंद असतो. त्यामुळे मनगट वळत नाही. वार कोपर, खांदा व कंबर यांच्या फिरतीतून करावा लागतो. पाते सतत वर्तुळात फिरते ठेवणे हाच प्रहार व हाच बचाव. एकाच वेळी अनेकांना दूर ठेवण्यास हे शस्त्र समर्थ असले, तरी त्याची फिरत खंडित झाली किंवा प्रतिस्पर्धी वर्तुळाच्या आत शिरला, की त्याची लांबी हीच अडचण ठरते.

बचाव : बचावाचे चार प्रकार सांगता येतात : वार ढालीवर किंवा शस्त्रावर घेणे, शस्त्र तिरपे धरून वार घसरवून देणे, अंग चोरून वार चुकविणे, आणि वारास वेग येण्यापूर्वीच जवळ शिरून प्रतिस्पर्ध्याचे मनगट किंवा कोपर ताब्यात घेणे. शेवटच्या प्रकाराचा विकास बिनोट या विद्येत झाला असून तीत निःशस्त्र माणसाने सशस्त्र माणसाशी कसे झुंजावे, हे शिकवितात.

बचाव निष्फळ झाला म्हणजे काय होते, याचे सर्वश्रुत उदाहरण ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर झालेल्या लढाईत आढळते. हा किल्ला आजच्या मावळ तालुक्याबाहेर असला, तरी तेथे लढलेले सैनिक मावळे होते. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीनुसार उदेभानाशी झुंजताना तानाजी मालुसरे यांची ढाल तुटली व दुसरी वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्यांनी डाव्या हाताचीच ढाल करून त्यावर वार झेलले. त्या द्वंद्वात दोघेही मारले गेले. हा प्रसंग शौर्याचा म्हणून सांगितला जातो. शस्त्रविद्येच्या दृष्टीने मात्र ढालीचा हात किती मोलाचा होता, याचा तो पुरावा आहे.

ऱ्हास व परिवर्तन : जानेवारी १७७९ मध्ये बोरघाट चढून आलेल्या इंग्रज फौजेस मराठ्यांनी वडगाव येथे कोंडून तह करण्यास भाग पाडले. त्या मोहिमेत तोफा, बंदुका व शत्रूची रसद तोडणे यांचा वाटा मोठा होता. हातघाईच्या लढाईचे महत्त्व त्यापूर्वीच उतरणीस लागले होते. मार्च १८१८ मध्ये लोहगड व विसापूर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि १८७८ च्या शस्त्रविषयक कायद्याने शस्त्रे बाळगण्यावर कडक निर्बंध आले. पुढे लाकूड व चामडे यांच्या साधनांवरच ही विद्या मुख्यतः आखाड्यांत व तालमींत तगून राहिली.

तिच्या आधुनिक परिवर्तनाचा एक धागा पुन्हा लोणावळ्यास येऊन मिळतो. बडोदे येथील जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा चालविणारे राजरत्न माणिकराव यांनी देशी व्यायामप्रकार हुकमांच्या तालावर समूहाने करण्याची पद्धती रूढ केली. त्यांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळे येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. योगाच्या शास्त्रीय अभ्यासाबरोबरच मुंबई प्रांतातील शालेय शारीरिक शिक्षणाच्या आखणीतही त्यांनी भाग घेतला. सामूहिक कवायतीमुळे देशी व्यायामांना शाळेत स्थान मिळाले, हा मोठा लाभ होय. तथापि कवायतीत समोर प्रतिस्पर्धी नसतो. हवेत फिरणाऱ्या लाठीस प्रहाराची आकृती राखता येते. बचावाची वेळ मात्र दुसऱ्याच्या वाराशिवाय शिकता येत नाही.

थायलंडमधील मुष्टियुद्धाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. त्यात मुठी, कोपरे, गुडघे व पाय या आठ अवयवांनी प्रहार करतात. लाथ नडगी उचलून अडवितात किंवा पाय सरळ रेटून प्रतिस्पर्ध्यास दूर ठेवतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातांना दोऱ्या गुंडाळण्याची प्रथा जाऊन हातमोजे, आखीव रिंगण व ठराविक फेऱ्या आल्या. नियमांमुळे धोका कमी झाला. परंतु सामना कायम राहिल्याने बचावाची कसोटीही कायम राहिली. फरी-गदग्याची मढविलेली साधने नेमक्या याच हेतूने घडविलेली होती.

आज मर्दानी खेळांची परंपरा विशेषतः कोल्हापूरच्या तालमींत आढळते. शिवजयंतीसारख्या प्रसंगी त्यांची प्रात्यक्षिके होतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा दर्जा दिला, तर २०२५ मध्ये लोहगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. किल्ल्याची तटबंदी दुरुस्त करून राखता येते. पवित्रा व बचाव यांचे जतन मात्र दोन माणसे समोरासमोर उभी राहून एकमेकांचे वार झेलतील, तोवरच होऊ शकते.