टीव्हीवरच्या मुंग्या आणि सीमेपलीकडची जाळी

मराठवाड्याच्या मागासलेपणावर रोज बोलणं होतं, पण ही गोष्ट कुणी काढत नाही. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहावरून देशातल्या सहा राज्यांत सुमारे 2,400 गावांना टीव्ही दाखवला गेला. 'साइट' म्हणतात त्या प्रयोगाला. कर्नाटकातले गुलबर्गा, विजापूर, रायचूर त्यात होते. महाराष्ट्र नव्हता! म्हणजे उमरग्याला खेटून असलेल्या गुलबर्गा जिल्ह्यात गावकरी शेतीचे कार्यक्रम बघत होते आणि आपण रेडिओवरच.

अँटेना कसला, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची 3 मीटरची छत्री. उपग्रहाचा सिग्नल खाली येईपर्यंत अगदी क्षीण व्हायचा, म्हणून चित्रसुद्धा एफएम पद्धतीनं पाठवलं. त्याला जागा जास्त लागते, पण खरखर दबते.

आपल्याकडं पुढं मनोऱ्यांवरून टीव्ही आला. 1984 च्या सुमारास देशभर 100 वॅटचे लहान प्रक्षेपक बसले, नंतर अंबाजोगाईचा मोठा मनोरा. या पद्धतीत चित्र एएमवर आणि आवाज एफएमवर. म्हणून पडद्यावर मुंग्या धावत असल्या तरी बातम्या बऱ्यापैकी ऐकू यायच्या. लहर जितकी जोरदार तितकं चित्र काळं, अशी रचना होती. त्यामुळं दारात राजदूत सुरू केली की ठिणगीचे काळे ठिपके पडायचे.

आणि माणसाला चिकटलेली ती सावली! बालाघाटाच्या डोंगराला आपटून आलेली लहर उशिरा पोचायची. 1 किलोमीटरचा वळसा पडला तर 20 इंची पडद्यावर सावली साधारण इंचभर उजवीकडं सरकायची. पोरं गच्चीवर अँटेना फिरवायची ती याच्यासाठी.

2022 पर्यंत दूरदर्शननं मोजके सोडून सगळे ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. बघणारे उरले नव्हते, हे खरंच. पण ॲनालॉग सिग्नल खराब होतानाही काहीतरी दाखवायचा. डिजिटल चित्र थिजतं, मग निळा पडदा. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप सोसलेल्या जिल्ह्यात लाईट आणि मोबाईल एकदम गेले तर बातमी कशावरून पोचणार? आकाशवाणीचं केंद्र आहे, पण घरात रेडिओ किती जणांच्या उरलाय? आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत हे विचारायला हवं. मी विचारणार आहे.