सहा टिंबांची लिपी



अपंगांच्या साधनांचा इतिहास वाचताना एक प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटत आला आहे : साधन कोणी घडविले? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हालांतँ आयुई यांनी पॅरिसमध्ये अंधांसाठी शाळा काढली व उठावाची रोमन अक्षरे छापली. हेतू उदात्त होता. पण ती अक्षरे डोळसांची होती. बोटांना ती सावकाश उमगत आणि विद्यार्थ्याला स्वतः लिहिणे दुष्कर होई. त्याच शाळेतील लुई ब्रेल या अंध विद्यार्थ्याने शार्ल बार्बिए यांची बारा टिंबांची पद्धत सहा टिंबांवर आणली. १८२४ साली लिपीचा आराखडा सिद्ध झाला, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. बोटाच्या एका स्पर्शात मावणाऱ्या त्या टिंबांतून ६३ चिन्हे होतात. फ्रान्सची अधिकृत मान्यता मात्र १८५४ साली, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी आली.

भारतात पूर्वी अनेक ब्रेल पद्धती होत्या. १९५१ साली भारती ब्रेल स्वीकारली गेली. तिचे मर्म आपल्या सीमाभागाला विशेष जाणवावे. मराठीचा ‘क’ आणि कन्नडचा ‘क’ डोळ्यांना निराळे दिसतात; बोटांना ते एकच आहेत.

संगणकाच्या युगातही तेच घडले. पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रणाली महाग असताना, २००६ साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ‘एनव्हीडीए’ रचावयास घेतली व ती सर्वांना विनामूल्य दिली.

म्हणून शाळेत असे साधन आणण्यापूर्वी, ज्याला ते वापरावयाचे आहे त्या विद्यार्थ्याला प्रथम विचारावे, एवढीच माझी विनंती आहे.