पसंतीक्रमाचे मत आणि परभणी

१/ परभणी निजामी राजवटीतून मुक्त होऊन चारच महिने लोटले होते. जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी लोकसभेसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली.

२/ डॉ. आंबेडकरांनी विरोध केला : ही पद्धत व्यापक साक्षरता गृहीत धरते, शिवाय सरकार दुबळे होते. दुरुस्ती फेटाळली गेली.

३/ विधान परिषदेसाठी मात्र अनुच्छेद १७१ ने एकल संक्रमणीय मत स्वीकारले. म्हणूनच परभणीचे पदवीधर मतदार नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितात. कोटा कोणीच न गाठल्यास तळाचा उमेदवार बाद होतो. त्याची मते पुढील पसंतीकडे जातात.

४/ विधानसभेला त्याच मतदाराच्या हाती एकच बटण असते. साक्षरता वाढली, १९४९ चा निर्णय मात्र कायम आहे.