बखर आणि दप्तर : विल्यम शायरर यांचा इतिहास

चालू काळाचा इतिहास त्या काळात वावरलेल्या मनुष्याने लिहावा की नाही, हा पंडितांमधील जुना वाद आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, रागलोभ विझल्यावाचून व सरकारी दप्तरे खुली झाल्यावाचून इतिहास लिहिताच येत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, प्रत्यक्ष पाहणाराचे डोळे एकदा मिटले म्हणजे नुसत्या कागदांच्या ढिगातून त्या काळचे वातावरण पुन्हा उभे करणे अशक्य होय. मराठी वाचकांस हा प्रश्न अपरिचित नाही. राजवाडे यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हापासून बखरीवर कितपत विसंबावे व अस्सल पत्रास किती मान द्यावा, याची चर्चा महाराष्ट्रात होत आली आहे. विल्यम शायरर या अमेरिकन वृत्तलेखकाची कामगिरी या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. कारण या एकाच गृहस्थाने आधी आपल्या काळाची बखर लिहिली आणि पुढे तीच हकीकत अस्सल कागदांवरून पुन्हा लिहून काढली.

शायरर यांचा जन्म १९०४ साली शिकागो येथे झाला. वडील वकील होते. ते १९१३ साली वारल्यावर कुटुंब आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्स या गावी राहावयास गेले. तेथील को कॉलेजातून १९२५ साली पदवी घेऊन हा तरुण गुरे वाहून नेणाऱ्या बोटीने युरोपास गेला व पॅरिस येथे ‘शिकागो ट्रिब्यून’च्या कचेरीत नोकरीस लागला. याच पत्राने १९३० साली त्यांस हिंदुस्थानात पाठविले. गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते. जानेवारी १९३१ मध्ये त्यांची सुटका झाली आणि दिल्लीस लॉर्ड आयर्विन यांच्याशी वाटाघाटी सुरू झाल्या. त्या दिवसांत शायरर यांचा गांधीजींशी जो परिचय जडला, त्याच्या आठवणी त्यांनी १९७९ साली स्वतंत्र पुस्तकात सांगितल्या आहेत. १९३२ हे वर्ष मात्र त्यांस अनिष्ट गेले. आल्प्स पर्वतात बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ खेळताना अपघात होऊन त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली व त्याच साली नोकरीही सुटली. १९३४ साली एका वृत्तसंस्थेचे बातमीदार म्हणून ते बर्लिनला आले, तेव्हा हिटलरच्या हाती सत्ता येऊन दीड वर्ष होऊन गेले होते.

१९३७ च्या ऑगस्टमध्ये तीही नोकरी गेली. त्याच सुमारास कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिमचे युरोपातील प्रतिनिधी एडवर्ड मरो यांनी त्यांस नभोवाणीच्या कामासाठी बोलाविले. आवाजाची परीक्षा झाली, तेव्हा न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांस तो आवाज मुळीच पसंत पडला नाही. मरो यांनी आग्रह धरला म्हणूनच शायरर यांची नेमणूक झाली. मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. शायरर तेव्हा व्हिएन्नात होते. परंतु नभोवाणी केंद्र नाझींनी व्यापल्यामुळे तेथून बोलणे शक्य नव्हते. म्हणून ते विमानाने लंडनला गेले आणि तेथून सर्व हकीकत निर्वेधपणे सांगितली. १३ मार्च रोजी युरोपातील निरनिराळ्या राजधान्यांतील वार्ताहरांचे वृत्तांत एकामागून एक ऐकविणारा अर्ध्या तासाचा कार्यक्रम झाला. एकाच बैठकीत अनेक शहरांची बातमी घरबसल्या ऐकण्याची सवय श्रोत्यांस लावणारा हा प्रसंग होय.

महायुद्ध सुरू झाल्यावर बर्लिनहून बोलावयाचे तर भाषणाचा मसुदा परराष्ट्र खाते, प्रचार खाते व सेनाधिकारी अशा तिघांच्या तपासणीतून पार पडावा लागे. जे सांगता येईना ते शायरर दैनंदिनीत टिपून ठेवीत. जून १९४० मध्ये काँपियेन्यच्या वनात फ्रान्सने तहनाम्यावर सही केली. १९१८ साली जर्मनीने ज्या आगगाडीच्या डब्यात शरणागती लिहून दिली, तोच डबा हिटलरने या समारंभासाठी मुद्दाम आणविला होता. शायरर तेथे हजर होते व जर्मन सरकारच्या अधिकृत घोषणेपूर्वीच त्यांच्या तोंडून ही बातमी अमेरिकेत पोहोचली. डिसेंबरात त्यांनी बर्लिन सोडले. ती दैनंदिनी १९४१ साली प्रसिद्ध झाली. हीच त्यांची बखर.

युद्धानंतर दैव फिरले. १९४७ साली मरो यांच्याशी बिनसून नभोवाणीची नोकरी गेली. १९५० साली साम्यवादाकडे कल असल्याचा संशय घेऊन नभोवाणी क्षेत्रातील माणसांची जी यादी अमेरिकेत छापण्यात आली, तीत त्यांचेही नाव होते. त्यामुळे नवे काम मिळेनासे झाले. पुढील कित्येक वर्षे त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने देऊन संसार चालविला. याच ओढगस्तीच्या काळात त्यांनी जर्मन दप्तरांचा अभ्यास आरंभिला. अमेरिकन सैन्याने एकट्या जर्मन परराष्ट्र खात्याचेच ४८५ टन कागद हस्तगत केले होते. न्यूरेंबर्गच्या खटल्यातील पुरावे, सेनापती हाल्डर यांची रोजनिशी व इटलीचे परराष्ट्रमंत्री चियानो यांची दैनंदिनी ही साधनेही उपलब्ध झाली होती.

या कागदांनी त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टींचे निराळेच अंतरंग दाखविले. २१ मे १९३५ रोजी हिटलरने राइशस्टागमध्ये शांततेची ग्वाही देणारे भाषण केले, तेव्हा शायरर सभागृहात बसलेले होते. त्याच दिवशी हिटलरने युद्धाच्या तयारीचा एक गुप्त कायदा मंजूर केला होता, हे दप्तरावरून उघडकीस आले. ५ नोव्हेंबर १९३७ रोजी हिटलरने सेनाधिकाऱ्यांपुढे शेजारची राष्ट्रे बळाने घेण्याचा आपला बेत सांगितला. बर्लिनमधील परदेशी बातमीदारांस या बैठकीचा गंधही नव्हता. भाषणाचा आवेश व श्रोत्यांची मोहिनी बातमीदारास दिसली; बंद दाराआडचा निश्चय त्यास कागदांनीच कळविला.

१९६० साली ‘थर्ड राइश’च्या उदयास्ताचा त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. सव्वाबाराशे पानांच्या या जाड ग्रंथास अमेरिकन वाचकांनी डोक्यावर घेतले व १९६१ साली त्यास नॅशनल बुक ॲवॉर्ड मिळाले. फ्रान्सच्या तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या पतनावरील त्यांचा ग्रंथ १९६९ साली आला, तर आत्मचरित्राचे तीन खंड १९७६ ते १९९० या काळात प्रसिद्ध झाले. डिसेंबर १९९३ मध्ये बोस्टन येथे त्यांचे निधन झाले.

पंडितांनी या ग्रंथावर कठोर टीका केली व ती सर्वस्वी निराधार नाही. लूथरपासून हिटलरपर्यंत एक सरळ रेषा ओढून, जर्मन स्वभावातच या अनर्थाचे बीज होते असे शायरर सुचवितात. आर्थिक मंदी, समाजातील निरनिराळे वर्ग, अन्य देशांतील तशाच चळवळी यांचा विचार त्यांनी थोडाच केला. ज्या लोकांस त्यांनी आरोळ्या ठोकताना पाहिले, त्यांच्याविषयीचा संताप त्यांनी त्यांच्या पूर्वजांवरही काढला. बखरकाराचा हा दोष खराच. मात्र हा दोष मुख्यतः जेथे ते स्वतः नव्हते त्या जुन्या काळाच्या विवेचनात दिसतो. १९३४ पासूनच्या हकीकतीत पाहिलेले व वाचलेले यांचा मेळ पडतो आणि तेथे ग्रंथ भक्कम आहे.

जुन्या वादाचा निकाल यावरून एका पक्षाच्या बाजूने लागत नाही. साक्षीदाराने दप्तर उघडण्याची वाट पाहावी, आणि दप्तर उघडल्यावर आपली साक्ष पुन्हा तपासून घेण्याचे धैर्य दाखवावे, एवढे मात्र ठरते. शायरर यांनी वीस वर्षे वाट पाहिली व हलाखीतही ती तपासणी पार पाडली. या कष्टामुळेच त्यांच्या रोजच्या बातम्यांचा इतिहास झाला.